'एलियन'चे प्रीक्वेल: आधी काय घडलं हे चाहत्यांना का हवं असतं, आणि कळल्यावर ते नाराज का होतात?

ऑगस्ट २०२५ मध्ये 'एलियन: अर्थ' ही मालिका जिओहॉटस्टारवर आली आणि आमच्या विसरवाडीतल्या मावसभावाचा मेसेज आला, "ताई, याचे आधीचे पार्ट किती आहेत? कुठून सुरू करू?"

मी मास कॉमला असताना हे सगळे सिनेमे पाहिले होते, त्यामुळे जरा भाव खात सांगितलं, "गोष्टीच्या क्रमानं पाहा. आधी 'प्रोमिथियस', मग 'कव्हेनंट', मग पहिला 'एलियन'."

आठवड्यानं तो सुट्टीत घरी भेटला. आम्ही दोघं त्याच्या मोबाईलवर १९७९ चा 'एलियन' पाहत होतो. अंधाऱ्या यानात तिघं जण शिरतात आणि समोर खुर्चीत बसलेला तो महाकाय मृत जीव दिसतो, तो सीन आला. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. भाऊ शेंगदाणे खात म्हणाला, "हां, हा तो इंजिनीअर ना."

तेव्हा कळलं की आपण चुकीचा सल्ला दिलाय, आणि तो आता परत घेता येणार नाही. एकदा कळलेली गोष्ट पुन्हा 'न कळलेली' करता येत नाही. प्रीक्वेल नावाच्या प्रकारातली सगळी मजा आणि सगळं भांडण या एका वाक्यात आहे.

तर 'एलियन'चे प्रीक्वेल म्हणजे काय भानगड आहे, चाहत्यांनी त्यांची इतकी वाट का पाहिली, आणि आपल्या 'तुंबाड'शी याचा काय संबंध, हे नीट समजून घेऊ. (पुढे जुन्या सिनेमांमधल्या गोष्टी उघड होतात. काहीच पाहिलं नसेल तर थेट शेवटच्या यादीकडे जा.)

प्रीक्वेल म्हणजे नेमकं काय?

गोष्ट पुढे नेणारा भाग म्हणजे सीक्वेल. आधी आलेल्या गोष्टीच्याही मागे जाऊन, 'त्याच्या आधी काय घडलं होतं' हे सांगणारा, पण नंतर बनलेला भाग म्हणजे प्रीक्वेल. मराठीत पूर्वकथा म्हणता येईल.

हा शब्द घराघरात पोचला तो १९९९ पासून आलेल्या 'स्टार वॉर्स'च्या तीन सिनेमांमुळे. पण कल्पना नवी नाही. रामायणातलं उत्तरकांड घ्या. युद्ध संपलंय, राम अयोध्येला परतलाय, आणि मग अगस्त्य ऋषी रामाला रावणाची जन्मकथा सांगतात. त्याचं कूळ कुठलं, त्याला वर कसे मिळाले, सगळं. बहुतेक अभ्यासक हे कांड मूळ काव्यात नंतर जोडलं गेलं असं मानतात. म्हणजे ऐकणाऱ्यांना तेव्हाही हाच प्रश्न पडला असणार: रावण मेला हे ठीक, पण तो आला कुठून?

अलीकडचं उदाहरण 'कांतारा'चं. २०२२ मध्ये सिनेमा गाजला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऋषभ शेट्टी यांनी सांगितलं की तुम्ही पाहिलात तो दुसरा भाग होता, पहिला आता येतोय. तो 'कांतारा: चॅप्टर १' २ ऑक्टोबर २०२५ ला आला.

१९७९ साली असं काय दाखवलं होतं?

'एलियन' २५ मे १९७९ ला अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक रिडली स्कॉट. पटकथा डॅन ओ'बॅनन यांची, आणि त्या प्राण्याचं रूप स्विस चित्रकार एच. आर. गिगर यांच्या डोक्यातलं.

गोष्ट अगदी साधी. 'नोस्ट्रोमो' नावाचं मालवाहू यान पृथ्वीकडे परत चाललंय. सात माणसं आणि जोन्स नावाचं एक मांजर. माणसं म्हणजे कोणी शूर अंतराळवीर नाहीत, पगार आणि बोनसवरून कुरकुरणारे कामगार आहेत. हायवेवर ट्रक चालवणारे ड्रायव्हर-क्लीनर अंतराळात गेले तर जसे असतील, तसे. वाटेत एका ग्रहाकडून सिग्नल येतो. कंपनीचा नियम असा की सिग्नल आला तर थांबून तपासायचं, नाही तर पैसे कापले जातील. ते उतरतात आणि तिथून एक जीव यानात येतो.

त्या काळात अंतराळाच्या सिनेमांवर 'स्टार वॉर्स'च्या चमचमाटाची छाप होती. 'एलियन'नं भुताच्या वाड्याची गोष्ट उचलून यानात नेऊन ठेवली. प्राणी पडद्यावर फार कमी वेळ दिसतो. त्याच्या पोशाखात होता बोलाजी बदेजो हा अतिशय उंच आणि सडपातळ नायजेरियन तरुण. शेवटी वाचते ती रिप्ली, म्हणजे सिगर्नी वीव्हर. या सिनेमाला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं.

पुढे तीन सीक्वेल आले: जेम्स कॅमेरॉन यांचा 'एलियन्स' (१९८६), डेव्हिड फिंचर यांचा 'एलियन ३' (१९९२) आणि ज्याँ-पिएर जुने यांचा 'एलियन: रिसरेक्शन' (१९९७). २००४ आणि २००७ मध्ये 'एलियन विरुद्ध प्रिडेटर' हे दोन जोडसिनेमेही आले.

आणि तो एक प्रश्न तसाच राहिला

एवढ्या सगळ्या भागांत एका गोष्टीकडे कोणी वळून पाहिलं नाही. पहिल्या सिनेमात ज्या बेवारस यानातून तो जीव येतो, ते यान कोणाचं होतं?

यानात एक अवाढव्य सांगाडा खुर्चीत बसलेला दिसतो. तोंडाला हत्तीच्या सोंडेसारखी नळी, आणि छातीच्या फासळ्या आतून बाहेर फुटलेल्या. कॅप्टन डॅलस पाहून म्हणतो की हा फार पूर्वी मेलेला असावा, जणू दगड झालाय. मग तिघं पुढे जातात आणि सिनेमात त्याचा पुन्हा उल्लेखसुद्धा येत नाही.

त्याला नाव पडलं 'स्पेस जॉकी'. तो सेट इतका खर्चिक होता की स्टुडिओला तो सीनच नको होता. स्कॉट यांनी हट्टानं तो ठेवला. सांगाडा आणखी मोठा दिसावा म्हणून लांबच्या शॉटमध्ये त्यांनी स्वतःच्या लहान मुलांना अंतराळवीराचे छोटे पोशाख घालून उभं केलं होतं.

त्या दोन-तीन मिनिटांनी चाहत्यांना तीन दशकं कामाला लावलं. तो कोण होता? अंडी त्याच्या यानात कशी आली? तो ती कुठे नेत होता? सिग्नल मदतीसाठी होता की इशारा होता? कादंबऱ्यांनी, कॉमिक्सनी आपापली उत्तरं दिली. पण पडद्यावर उत्तर नव्हतं. पुढच्या कुठल्याच भागानं हा प्रश्न विचारला नाही, याचं स्कॉट यांनाही नवल वाटायचं. हे त्यांनी मुलाखतींमध्ये अनेकदा बोलून दाखवलंय.

२००९ ते २०१२: वाट पाहण्याचा काळ

२००९ मध्ये बातमी आली की 'एलियन'चा प्रीक्वेल होणार आणि स्वतः रिडली स्कॉट तो करणार. पहिली पटकथा जॉन स्पेट्स यांनी लिहिली, ती सरळसरळ प्रीक्वेल होती. नंतर 'लॉस्ट' मालिकेवाले डेमन लिंडेलॉफ आले आणि त्यांनी ती बदलली. जानेवारी २०११ मध्ये सिनेमाचं नाव जाहीर झालं: 'प्रोमिथियस'. नावात 'एलियन' नाही!

इथून चाहत्यांचा गोंधळ सुरू झाला. हा प्रीक्वेल आहे की नाही? स्कॉट म्हणाले की यात 'एलियन'चा डीएनए आहे, पण गोष्ट स्वतंत्र आहे. आता याचा अर्थ काय काढायचा?

प्रचारसुद्धा असा केला की प्रत्येक तुकडा म्हणजे एक कोडं. २०१२ च्या सुरुवातीला एक व्हिडिओ आला. त्यात गाय पिअर्स हे पीटर वेलँड या उद्योगपतीच्या रूपात २०२३ सालच्या टेड व्याख्यानात बोलताना दिसत होते. म्हणजे तेव्हा भविष्यातलं असलेलं भाषण. मग 'डेव्हिड ८' या माणसासारख्या दिसणाऱ्या यंत्रमानवाची जाहिरात आली, त्यात मायकल फासबेंडर. ट्रेलरमध्ये १९७९ च्या ट्रेलरमधला तो भोंग्यासारखा कर्कश आवाज पुन्हा वापरला होता, आणि एका क्षणी तीच खुर्ची दिसत होती. एवढं पुरेसं होतं. लोकांनी ट्रेलर थांबवून थांबवून एकेक फ्रेम तपासली.

आज मार्व्हलच्या किंवा 'पुष्पा'च्या ट्रेलरचं असं पोस्टमॉर्टम आपण रोज पाहतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या तीन वर्षांत प्रत्येक चाहत्याच्या डोक्यात स्वतःचा एक प्रीक्वेल तयार झाला होता. पडद्यावर येणाऱ्या सिनेमाला या सगळ्यांशी एकाच वेळी स्पर्धा करायची होती.

'प्रोमिथियस'नं उत्तर दिलं का?

दिलं, आणि नाहीही दिलं.

जून २०१२ मध्ये सिनेमा आला आणि जगभरात ४० कोटी डॉलरच्या आसपास कमावले. गोष्ट २०९३ सालची. शास्त्रज्ञांचा एक चमू माणसाला कोणी बनवलं हे शोधायला दूरच्या चंद्रावर जातो. तिथे कळतं की ती सोंड म्हणजे सोंड नव्हतीच, तो हेल्मेटचा भाग होता. आत गोरेपान, उंचेपुरे, माणसासारखेच दिसणारे जीव होते. नाव 'इंजिनीअर'. त्यांनीच माणूस निर्माण केला आणि नंतर काळ्या द्रवाचं शस्त्र घेऊन ते पृथ्वी संपवायलाही निघणार होते. का? ते सिनेमा सांगत नाही.

काहींना हे फार आवडलं, कारण प्रश्न मोठा होता: आपला निर्माता भेटला आणि तो आपला तिरस्कार करत असेल तर? पण अनेक जुने चाहते दोन गोष्टींवरून वैतागले.

एक म्हणजे, हा चंद्र एलव्ही-२२३ आहे. पहिल्या सिनेमातला एलव्ही-४२६. म्हणजे ज्या सांगाड्यासाठी ३३ वर्षं थांबलो, त्याची गोष्ट ही नाहीच.

दुसरी तक्रार जास्त खोल होती. माणसाच्या समजेबाहेरचा, हाड आणि यंत्र एकत्र वाढल्यासारखा तो जीव म्हणजे फक्त सूट घातलेला एक मोठा माणूस निघाला. जे परकं होतं ते ओळखीचं झालं.

'कव्हेनंट'नं तर गुन्हेगारच सांगून टाकला

२०१७ मध्ये 'एलियन: कव्हेनंट' आला. यावेळी नावात 'एलियन' होतं आणि प्राणीही होता. गोष्ट २१०४ सालची. यात दाखवलं की तो यंत्रमानव डेव्हिड एकटाच प्रयोग करत बसलाय आणि त्यानंच त्या काळ्या द्रवातून हा प्राणी टप्प्याटप्प्यानं घडवलाय.

चाहत्यांनी इथे साधा हिशोब मांडला. पहिला सिनेमा २१२२ मध्ये घडतो. २१०४ मध्ये डेव्हिड प्राणी बनवत असेल, तर अवघ्या १८ वर्षांत तो सांगाडा 'दगड' कसा झाला? त्यावर अनेक तर्क लढवले गेले. पण मूळ दुखणं हिशोबाचं नव्हतं. विश्वाच्या अंधारातून आलेली एक गोष्ट आता कंपनीच्या बिघडलेल्या यंत्राचं प्रॉडक्ट झाली होती. ज्याचं बर्थ सर्टिफिकेट आपण पाहिलंय, त्याची भीती कितीशी वाटणार?

'कव्हेनंट'नं 'प्रोमिथियस'पेक्षा बरेच कमी, २४ कोटी डॉलरच्या आसपास कमावले. डेव्हिडची गोष्ट पूर्ण करणारा पुढचा सिनेमा स्कॉट यांच्या डोक्यात होता, तो झाला नाही. २०१९ मध्ये डिस्नेनं फॉक्स स्टुडिओ विकत घेतला आणि मालिकेचा मालकच बदलला.

मग 'रोम्युलस' आणि 'अर्थ'नं काय वेगळं केलं?

२०२४ चा 'एलियन: रोम्युलस' पहिल्या आणि दुसऱ्या सिनेमाच्या मधल्या काळात, २१४२ मध्ये घडतो. दिग्दर्शक फेडे अल्वारेझ. उगमाच्या भानगडीत फार न पडता काही तरुण मजुरांना एका बंद अवकाशस्थानकात अडकवलं, आणि सिनेमा चालला. दिवंगत अभिनेते इयन होल्म यांचा चेहरा तंत्रानं पुन्हा वापरला, त्यावर मात्र बरीच टीका झाली.

'एलियन: अर्थ' ही आठ भागांची मालिका पहिल्या सिनेमाच्या दोनच वर्षं आधीची, म्हणजे २१२० ची. काळाच्या हिशोबानं पक्का प्रीक्वेल. पण मालिकेचे निर्माते नोआ हॉली यांनी उघड सांगितलं की 'प्रोमिथियस'मधला उगम त्यांना उपयोगाचा वाटत नाही. प्राणी फार जुना आहे, कुठून आला माहीत नाही, हेच त्यांना हवं होतं. यंत्रंसुद्धा त्यांनी १९७९ सारखीच ठेवली: हिरव्या अक्षरांचे स्क्रीन, जाडजूड बटणं. कारण प्रीक्वेलची ही आणखी एक गंमत. 'प्रोमिथियस' आधीच्या काळातला असूनही त्यातलं यान 'नोस्ट्रोमो'पेक्षा कितीतरी आधुनिक दिसतं.

हॉली यांनी जुन्या प्रश्नाचं उत्तर देण्याऐवजी नवा प्रश्न आणला. मरणाच्या दारातल्या मुलांचं मन कृत्रिम, प्रौढ शरीरांत घातलं जातं. ती शरीरं कंपनीची. मग ते मूल कोणाचं? या मुलांपैकी 'स्लाइटली'ची भूमिका 'द व्हाइट टायगर'वाल्या आदर्श गौरवनं केलीय. तो उंच तरुण आतून घाबरलेला लहान पोरगा आहे हे त्याच्या नुसत्या उभं राहण्यातून कळतं. आणि ज्या प्राण्याची सगळ्यात जास्त चर्चा झाली तो झेनोमॉर्फ नव्हताच. दुसऱ्याच्या खोबणीत शिरून बसणारा एक चालता डोळा होता. तो कुठून आला, कोणालाच माहीत नाही.

भीती नेमकी कशात असते?

विसरवाडीहून धुळ्याकडे निघालं की कोंडाईबारीचा घाट लागतो. दिवसा तो साधा घाट आहे: वळणं, झाडं, ट्रकची रांग. रात्री मात्र हेडलाइटचा उजेड पोचतो तेवढाच रस्ता असतो. त्यापलीकडे काय आहे हे आपलं डोकं ठरवतं, आणि आपलं डोकं नेहमी वाईटच ठरवतं. समजा कोणी घाटात मोठे फ्लडलाइट लावले. भीती जाईल. पण मग तो दिवसाचाच घाट होईल.

'एलियन'मधला सांगाडा हा त्या उजेडाच्या कडेवर बसलेला होता. चाहत्यांना फ्लडलाइट हवा होता, यात त्यांची चूक नाही. उत्सुकता हा भीतीचाच दुसरा हात आहे. अडचण एवढीच की उत्तर कितीही चांगलं असलं तरी ते एकच असतं, आणि ३३ वर्षांत मनात तयार झालेली उत्तरं लाखो असतात.

आपल्याकडे हीच वेळ 'तुंबाड'वर आलीय

महाराष्ट्रात सध्या अशीच वाट पाहिली जातेय. ती आहे हस्तरची.

राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' १२ ऑक्टोबर २०१८ ला आला. त्याआधी तो व्हेनिस महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्ये दाखवला गेला होता. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीतलं, पण गोष्टीचं मूळ वेगळं. १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं नारायण धारपांची एक कथा सांगितली आणि आपण हादरलो, असं बर्वे यांनी सांगितलंय. पहिला खर्डा १९९७ चा, म्हणजे सिनेमा पडद्यावर यायला त्यानंतर २१ वर्षं गेली.

नारायण धारप (१९२५–२००८) म्हणजे मराठीत भयकथा आणि विज्ञानकथा या दोन्ही वाटांवर चाललेला लेखक. त्यांच्यावर अमेरिकन लेखक लव्हक्राफ्टचा प्रभाव होता. विश्वात माणसाच्या आधीपासून काहीतरी आहे आणि त्याला आपली पर्वा नाही, ही लव्हक्राफ्टची कल्पना. 'एलियन' लिहिणारे ओ'बॅननसुद्धा त्याचेच चाहते. म्हणजे नोस्ट्रोमो आणि तुंबाडचा वाडा एकाच झाडाच्या दोन फांद्या आहेत.

'तुंबाड' पहिल्यांदा आला तेव्हा कमाई बेताची होती. १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. त्याच सुमारास निर्माते-अभिनेते सोहम शाह यांनी दुसरा भाग जाहीर केला. बर्वे यांनी आपण त्यात नसल्याचं सांगून शुभेच्छा दिल्या. त्यांच्या मनात वेगळी त्रयी आहे, तिचा पुढचा भाग 'पहाडपांगिरा'.

आता 'तुंबाड'चे चाहते तेच विचारताहेत जे 'एलियन'चे चाहते विचारत होते. हस्तर देवीच्या गर्भात काय करत होता? त्याची पूजा न करण्याची अट मोडली कोणी? खाली आणखी काय आहे? मूळ सिनेमानं हस्तरची गोष्ट सुरुवातीला दोन मिनिटांत सांगितली आणि नंतर आपलं लक्ष विनायकच्या हावेवर ठेवलं. हस्तर दर वेळी थोडाच दिसला, म्हणून तो लक्षात राहिला. नवा भाग गोष्ट पुढे नेवो की मागे, त्याच्यापुढे पेच तोच असेल: फ्लडलाइट किती लावायचा?

मग पाहायचं कोणत्या क्रमानं?

गोष्टीतल्या काळानुसार क्रम असा:

- 'प्रोमिथियस': २०९३
- 'एलियन: कव्हेनंट': २१०४
- 'एलियन: अर्थ': २१२०
- 'एलियन': २१२२
- 'एलियन: रोम्युलस': २१४२
- 'एलियन्स' आणि 'एलियन ३': २१७९
- 'एलियन: रिसरेक्शन': त्यानंतर सुमारे २०० वर्षांनी

पण पहिल्यांदा पाहणार असाल तर या क्रमानं पाहू नका. जसे प्रदर्शित झाले तसेच पाहा: १९७९, १९८६, मग बाकीचे. वेळ कमी असेल तर १९७९ चा 'एलियन', त्यानंतर 'एलियन्स' आणि मग थेट 'अर्थ'. 'प्रोमिथियस' शेवटी ठेवा. तो वाईट सिनेमा नाही. पण त्यात उत्तरं आहेत, आणि आधी प्रश्न पडू द्यायला हवा.

मावसभावाला मी हे उशिरा सांगितलं. त्याच्या धाकट्या बहिणीनं मात्र अजून यातलं काहीच पाहिलेलं नाही. परवा तिनं त्यालाच विचारलं, "दादा, त्या खुर्चीतला तो कोण आहे रे?"

तो म्हणाला, "माहीत नाही. तू पाहा."